चंपत टेलरचा नाकतोडा

मंगळवार, १८ नोव्हेंबर
मशीनवर नाकतोडा बसला होता. हिरवा, पण गुडघे लाल. मंगरूळपिरात इतकी वर्षं शिवण करून राह्यलो, असे गुडघे नाही पाह्यले. नवी जात! बरणीत टाकला. साडू रविकांतचं नाव इंझोरीच्या बसथांब्यावर देणगीदार म्हणून रंगवलं, तेव्हापासून बायको अंजना माझ्याकडे वेगळ्याच नजरेनं पाहून राह्यली. आता नाकतोड्याले माझं नाव लागेल. बसथांब्याचं काय, एका ट्रकचा धक्का पुरे.

गुरुवार, २० नोव्हेंबर
राखी मॅडम ब्लाऊज न्यायले आल्या. कॉलेजात झूऑलॉजी शिकवतात. म्हणाल्या, रंगावर जाऊ नका. आठ-दहा नमुने धरा. डोकं, छाती, पंख, मांडी सगळं मोजून पाठवा, मग ओळखीच्या जातीशी ताडून पाहू. मोजायचं? हे तर आपलंच काम!
संकल्प: आधी मापं, मग शिवण. कमलीबाईच्या पोरीच्या लग्नाचे ब्लाऊज उद्या नक्की.

शनिवार, २२ नोव्हेंबर
दहा नाकतोडे मोजले. एक ट्रायल रूममध्ये सुटला. आतली बाई वरडत बाहेर आली ते थेट बसस्टँडपर्यंत. विज्ञानाले त्याग लागतो. मापं पाठवली. अंजना म्हणे, लग्नाचे ब्लाऊज काहून नाही कापले अजून? म्हटलं, ब्लाऊज कोणीही शिवते.

सोमवार, २४ नोव्हेंबर, दुपारी
मॅडमचा फोन! दहाच्या दहा नाकतोडे ओळखीच्या जातीहून मोठे. डोकं तर जवळजवळ दुप्पट! (माझ्याच नावाचे शोभतात.) म्हणाल्या, मी स्वतः मोजून पाहते, तोवर कोणाला सांगू नका.
कोणाले नाही सांगितलं. फक्त दुकानावर फ्लेक्स लावला: 'चंपत टेलर यांच्या नाकतोड्यास जागतिक मान्यता मिळाल्याबद्दल हार्दिक अभिनंदन! शुभेच्छुक: रविकांत.' त्याले विचारलं नाही. साडू आहे, नाही थोडीच म्हणेल.

बुधवार, २६ नोव्हेंबर
मॅडम मोजायचं बारीक यंत्र घेऊन आल्या. बरणीतला एकेक नाकतोडा मोजला. साधेच निघाले, वावरात ढिगानं सापडतात तसले. म्हणाल्या, तुमचं प्रत्येक माप पाव इंचानं जास्त कसं? म्हटलं, शिलाईची मार्जिन धरली. त्या म्हणाल्या, डोक्याला पण? म्हटलं, सगळ्याले. बिचारा उद्या अंगानं भरला तर?
मॅडम स्टुलावर बसल्या. हसून राह्यल्या की रडून, समजलं नाही.
संकल्प: मार्जिन कायमची बंद! जेवढं अंग, तेवढंच माप. चूक मान्य करणारा तोच खरा शास्त्रज्ञ. लगेच कमलीबाईचे सगळे ब्लाऊज शास्त्रीय पद्धतीनं कापून टाकले.

शनिवार, २९ नोव्हेंबर
उद्या लग्न. नवरी, तिच्या मावश्या, खुद्द कमलीबाई, कोणाचाच हुक लागून नाही राह्यला. कमलीबाई म्हणे, चंपतभाऊ, उसवून ढिले करून दे. कायचे ढिले करतो, आत मार्जिनच नाही! मग तिनं फ्लेक्स वाचला. मोठ्यानं. दोनदा. सारं वऱ्हाड ऐकून राह्यलं होतं.
संध्याकाळी रिठदहून कोणा अनोळखी बाईचा फोन आला. अंजनानं उचलला. बाई विचारे, नाकतोडा टेलर तेच काय? त्यायच्याकडे शिवायले टाकू नका, असं कमलीबाईच्या पाहुण्यायनं सांगितलं, म्हणून खात्री करून राह्यली.
अंजना म्हणे, हो, तेच.