ठाणेदाराचे निरोप

राजूर (ता. वणी),
४ ऑक्टोबर

आदरणीय बाबा,

सविनय जय भीम. आईलाही सांगा. मी बरी आहे, अंकुरही बरे आहेत. त्यांची या आठवड्यात खाणीवर सकाळची पाळी आहे.

परवा फोनवर तुमच्याशी धड बोलणं झालंच नाही. आई स्पीकर लावते आणि मग तुमच्या गल्लीतल्या सगळ्या मावश्या माझी खुशाली विचारतात. म्हणून हॉस्टेलच्या दिवसांत लिहायचे तसं पत्रच लिहिते आहे. शुद्धलेखनाच्या चुका काढून परत पाठवू नका, एवढीच विनंती.

तुम्ही विचारलंत, घरातला कुत्रा चावतो का. नाही चावत. तुम्हाला कुत्र्यांची भीती, तीच माझ्यात उतरलेली, त्यामुळे सुरुवातीला मी खुर्चीवर पाय घेऊन बसायचे. आता तो माझ्या पायावर हनुवटी ठेवून झोपतो आणि मला उठता येत नाही, एवढीच अडचण आहे. बापूजींनी, म्हणजे माझ्या सासऱ्यांनी, त्याचं नाव ठेवलंय ठाणेदार. गल्लीत कुणाकडेही भांडण झालं की हा आधी जाऊन उभा राहतो. करत काही नाही, नुसता बघतो आणि परत येतो, म्हणून ठाणेदार.

त्याच्या सवयी लिहायला बसले तर वही भरेल. गॅसवर दूध ठेवून मी बाहेर गेले की तो भांड्याकडे टक लावून बसतो आणि दूध वर येऊ लागलं की भुंकतो. एकदा दूध ओतू गेलं तेव्हा ओट्याखालचं सगळं त्यानंच चाटलं होतं. त्यामुळे मला वाटलं होतं, आता हा मुद्दाम गप्प बसेल. पण नाही! भुंकला की साय मिळते, हे त्याला कळलंय. हल्ली तर मी पातेलं नुसतं घासायला घेतलं तरी भुंकतो.

दुपारी खाणीत ब्लास्टिंग होतं. भोंगा आपल्या कानावर येण्याआधी ठाणेदार बापूजींच्या खाटेखाली गेलेला असतो. तो खाटेखाली गेला की मी लोणच्याच्या बरण्या मांडणीवरून खाली उतरवते. मावशीने लग्नात दिलेले कप हादऱ्याने फुटले ते मी त्याचं ऐकलं नाही म्हणून.

अंगणात सध्या सोयाबीन वाळत घातलंय. कोंबड्या आल्या की हा धावतो. पण तुरेवाल्या लाल कोंबड्याला मात्र घाबरतो. तो आला की ठाणेदार दुसरीकडे बघतो, जसं काही दिसलंच नाही. बापूजी हसून म्हणतात, "काहून रे ठाणेदार, मोठ्या माणसावर केस नाही करत का तू?"

दिवाळीला तुम्ही दोघं यायचं म्हणत होता. पण घरात पोत्यांमुळे पाय ठेवायला जागा नाही. नंतर कधी तरी या. मी सांगेन.

तुमची
ममता


राजूर,
२६ ऑक्टोबर

आदरणीय बाबा,

सविनय जय भीम. पत्र मिळालं. चुका काढल्याच तुम्ही! 'सोयाबीन'मधली वेलांटी दुसरीच आहे हे आता मरेपर्यंत लक्षात राहील.

दिवाळी चांगली झाली. अंकुरनी मला मोरपंखी साडी घेतली. फटाक्यांच्या भीतीने ठाणेदार मात्र कपाटात शिरला आणि त्याच साडीवर झोपला.

तुम्हाला त्याच्या गोष्टी आवडल्या, म्हणून त्याचं सगळ्यात मोठं काम सांगते. तो निरोप पोचवतो. बापूजी दाराबाहेरच्या छपरीत खाटेवर बसलेले असतात आणि मी स्वयंपाकघरात. ते म्हणतात, "ठाणेदार, सांग तिले, चहा झाला असन तं आण म्हणा." की हा उठतो, चालत माझ्यापर्यंत येतो आणि समोर बसून माझ्या तोंडाकडे बघत राहतो. बापूजींचा आवाज मला आधीच ऐकू आलेला असतो, पण मी भाकरीचा तुकडा देऊन म्हणते, "सांग त्यांना, आधण ठेवलंय." मग तो परत जातो.

आता गंमत अशी झालीय की, भाकरी हवी असली की तो निरोप नसतानाही निरोप घेऊन येतो. परवा मी बिचारी लगबगीने चहा घेऊन गेले, तर बापूजी ठाणेदाराला म्हणाले, "काहून बे, मी कवा म्हनलो चहा?" पण घेतला. कप खाली ठेवताना ठाणेदारालाच म्हणाले, "अद्रक चांगलं टाकते हे."

बापूजींची तब्येत चांगली आहे. त्यांना माझ्या हातची वांग्याची भाजी आवडते, असं ते म्हणाले.

अंकुरची पाळी बदलली आहे. घरी आम्ही सुखात आहोत. आईच्या गुडघ्याला तेल लावता ना?

तुमची
ममता


राजूर,
९ नोव्हेंबर

बाबा,

जय भीम.

तुमचं पत्र आलं. एवढं छोटं पत्र तुम्ही मला कधीच लिहिलं नव्हतं. "तुझे सासरे जे बोलतात ते सगळं कुत्र्याशी बोलतात. तुझ्याशी काय बोलतात?"

दोन दिवस ते पत्र उशीखाली होतं. अंकुरनाही दाखवलं नाही.

माझ्याशी ते काही बोलत नाहीत, बाबा. मे महिन्यात मी या घरात आले तेव्हापासून एकदाही बोलले नाहीत. माझं नाव त्यांच्या तोंडून मी ऐकलेलं नाही. यवतमाळला नोंदणी लग्नाला ते आले नव्हते, तेव्हा अंकुर म्हणाले होते की, कपाशीच्या पेरणीची घाई आहे. तुम्ही तेव्हा काही बोलला नाहीत, पण खरं कारण तुम्हाला कळलं होतं, हे मला माहीत आहे. निघताना तुम्ही मला बाजूला घेऊन म्हणालात, "जिथं मान नसेल तिथं थांबायचं नाही. आपलं दार उघडं आहे." त्याच वाक्यामुळे मी तुम्हाला काही लिहू शकले नाही. लिहिलं असतं तर दुसऱ्या दिवशी महागावची पहिली एसटी पकडून तुम्ही इथं आला असता.

आता सगळं लिहिते.

सुरुवातीला ते माझ्या हातचं खात नव्हते. पडवीत वेगळ्या शेगडीवर स्वतः पिठलं करायचे. सासूबाई गेल्यापासून त्यांना सवय आहे, असं अंकुर म्हणायचे, पण सवय आणि हट्ट यातला फरक मला कळतो. मी त्यांच्यासाठी केलेली पहिली भाकर दिवसभर ताटाखाली झाकून राहिली. संध्याकाळी त्यांनी ती ठाणेदाराला घातली. तुमच्या लेकीच्या हातची भाकर या घरात आधी कुत्र्यानं खाल्ली, बाबा.

अंकुर त्या दिवशी त्यांच्याशी खूप भांडले. वणीला खोली बघतो म्हणाले. मीच नको म्हटलं. हाकलल्यासारखं निघून जायचं नव्हतं मला.

पण त्या भाकरीमुळे ठाणेदार माझा झाला. जेवणाच्या वेळी बापूजींना सोडून तो माझ्या दाराशी येऊन बसायला लागला. आधी तो त्यांच्या ताटासमोरून हलत नसे. काही दिवस बापूजी एकटेच जेवले. मग एकदा छपरीतून आवाज आला, "काय ठेवलं बे तिच्या भाकरीत एवढं?" मी भाकरी थापत राहिले. पुन्हा आवाज आला, जरा हळू. "सांग तिले, मले बी वाढ म्हणा."

तो पहिला निरोप. मी ताट नेऊन ठेवलं, ते जेवले. शेगडी तेव्हापासून बंद आहे.

म्हणजे ते खातात. चहा मागतात. अद्रक चांगलं म्हणतात. आणि तरीही माझ्याकडे बघून एक शब्द बोलत नाहीत. हा अपमान आहे की सुरुवात आहे, हे मला ठरवता येत नाही. तुम्ही मला शाळेत सगळं शिकवलं, पण हे कसं ओळखायचं ते नाही शिकवलं.

ठाणेदाराच्या गोष्टी मी खोट्या लिहिल्या नाहीत. तो खरंच तसा आहे. तो नसता तर मी एव्हाना महागावला तुमच्याकडे असते.

लगेच येऊ नका. मला थोडं थांबायचंय. पाहिजे तर मला रागवा, पण येऊ नका.

तुमची
ममता


राजूर,
२ डिसेंबर

आदरणीय बाबा,

सविनय जय भीम. तुम्ही आला नाहीत, रागावलाही नाहीत, नुसतं "थांब, पण कळवत राहा" असं लिहिलंत. ते पत्र मी अंकुरना वाचून दाखवलं.

आता जे झालं ते सगळं क्रमाने सांगते. आईला वाचून दाखवताना आधीच सांगा, ठाणेदार जिवंत आहे.

गेल्या आठवड्यात सकाळी बापूजी तुरीकडे गेले होते, सोबत ठाणेदार. अंकुर खाणीवर होते. इकडे रानडुकरांचा फार त्रास आहे, कळपाने येतात आणि तूर तुडवून जातात. मी अंगणात कपडे वाळत घालत होते, तेवढ्यात बापूजी येताना दिसले. टोपी नव्हती, पायात चप्पल नव्हती. दोन्ही हातांवर ठाणेदार होता, बापूजींच्या दुपट्ट्यात गुंडाळलेला, आणि दुपट्टा लाल झाला होता.

तुरीतून डुक्कर एकदम बापूजींच्या अंगावर आलं होतं. घरच्या कोंबड्याला भिणारा ठाणेदार मध्ये घुसला. डुकरानं त्याची कूस फाडली.

बापूजी अंगणात येऊन उभे राहिले. त्यांनी खाली हातातल्या कुत्र्याकडे बघितलं, तोंड उघडलं. मला वाटतं सवयीने त्यालाच काहीतरी सांगणार होते. पण त्याचे डोळे मिटलेले होते. मग त्यांनी मान वर केली.

"ममता," म्हणाले, "गाडी काढ."

मी ओल्या हातानेच स्कूटर काढली. ते मागे बसले, मांडीवर ठाणेदार. वणीच्या रस्त्यावर कोळशाच्या ट्रकांची रांग होती, धुळीने समोरचं दिसत नव्हतं. ते मागून सारखे बोलत होते. "डावीकडून घे. हळू घे वं पोरी. नाही, जोरात घे. तो श्वास घेऊन राह्यला, तू जोरात घे." इतक्या महिन्यांचं सगळं त्या रस्त्यावर बोलले ते.

गुरांच्या दवाखान्यात डॉक्टर म्हणाले, टाके घालेपर्यंत कुणीतरी डोकं धरा. बापूजींनी धरलं, पण सुई टोचताच सोडून दिलं, म्हणून डॉक्टरांनीच त्यांना बाहेर बसवलं. मी धरलं. तुमची मुलगी, जी गल्लीतलं पिल्लू दिसलं तरी तुमच्या मागे लपायची, तिनं ठाणेदाराचा जबडा दोन्ही हातांनी धरला आणि शेवटचा टाका पडेपर्यंत सोडला नाही. मध्येच त्यानं डोळे उघडले आणि माझ्या तोंडाकडे बघत राहिला. भाकरी मागायला बघतो तसाच. तेव्हा मात्र मला रडू आलं.

बाहेर आले तर बापूजी बाकावरून उठले.

"जगन का?"

"जगेल म्हणाले डॉक्टर."

ते पुन्हा बसले. मग म्हणाले, "तुनं सकाळपासून काही खाल्लं का?" आणि माझं उत्तर न ऐकताच समोरच्या टपरीवर गेले. कागदात आलुबोंडे आणि दोन चहा घेऊन आले. बाकावर आमच्या मध्ये कागद ठेवला. आम्ही दोघं एकाच कागदातून खात होतो. चटणी एकच होती.

"पहिले राग होता मले," त्यांनी आपणहून सुरुवात केली. "मंग राग गेला अन् लाज वाटाले लागली. इतके दिवस बोललो नाही, आता कोन्त्या तोंडानं बोलू? म्हून त्याच्याजवळ सांगत जावो."

मला वाटलं, आपण म्हणावं, जाऊ द्या. पण तसं म्हणवलं नाही. मी म्हटलं, "बापूजी, मी तुमच्यासाठी केलेली पहिली भाकर तुम्ही त्याला घातली होती. ते मी विसरले नाही."

त्यांचा हात कागदावरच थांबला.

"इसरू नको," ते म्हणाले. "मी बी इसरलो नाही."

एवढंच. त्यानंतर आम्ही चहा संपवला.

ठाणेदार आता बरा आहे. गळ्यात टोपलीसारखा पट्टा घातलाय, तो घेऊन दारांना धडकत फिरतो. टाके ओढले जाऊ नयेत म्हणून त्याला चालू द्यायचं नाही, पण ऐकतो कुठे! बापूजी छपरीतून "ममता, चहा!" म्हणून ओरडले की हा धडपडत उठायला बघतो, कारण हे काम त्याचं आहे. आणि बापूजी आता इतकं बोलतात की विचारू नका. भाजीत तिखट किती, गॅस कधी संपणार, कपडे कुठल्या तारेवर घालायचे. कधी कधी वाटतं, आधीचं बरं होतं! ठाणेदाराची मात्र भाकरी बुडते आहे, म्हणून मी त्याला तशीच देते.

सगळं लगेच सुरळीत झालं असं मी म्हणणार नाही. काल नागोराव काका, बापूजींचे चुलतभाऊ, आले होते. मी पाणी आणून दिलं तर तहान नाही म्हणाले. बापूजींनी त्यांच्या हातासमोरून तो पेला उचलला आणि स्वतः पिऊन टाकला. मग मला म्हणाले, "आणखीन आण, माह्यासाठी." मी आत जाऊन थोडा वेळ भिंतीला टेकून उभी राहिले.

हे पत्र लिहिते आहे तेव्हा ते समोर तुरीच्या शेंगा सोलत बसले आहेत. कुणाला लिहितेस, विचारलं. मी सांगितलं. म्हणाले, "मंग लिह्य, तुमच्या पोरीच्या घरी या म्हणा. दोघं बी या. उभ्या उभ्या नका येऊ, मुक्कामाले या. मले त्याइच्याशी बोलाचं हाये, लग्नात बोलाचं राह्यलं ते." मग आणखी एक शेंग सोलत म्हणाले, "तुह्ये बाबा कुत्र्याले भितात नं? ठाणेदाराले बांधून ठेवू." मी म्हटलं, नको, बाबांना त्यालाच आधी भेटायचं असेल.

घरात आता पोती नाहीत. जागा भरपूर आहे. ओल्या तुरीच्या सोल्यांची आमटी करणार आहे, बापूजी म्हणतात भाकरी मी थापतो. थापू द्या त्यांना.

वाट बघतो आहोत.

तुमची आणि या घरची,
ममता