रोजची पुडी

प्रिय प्रतिक्षा,

तुझ्या भुरीचा जबडा दोन बोटांनी उघडून पुडीतली पूड मी तिच्या जिभेवर सोडली, वर चमचाभर पाणी घातलं आणि रिकामा कागद खिशात कोंबला. ही मंगळवारची गोष्ट. सकाळचे सात वाजले होते. आठला तुझा फोन यायचा होता.

ती भूक वाढवायची गोळी होती. डॉक्टरांनी लिहून देताना समजावलं होतं, की गोळी माणसांची आहे, मांजरीला तिचा आठवा भागच द्यायचा. एकदा दिली की दोन दिवस सोडून मगच पुन्हा. भुरीच्या किडन्या थकल्यात, औषध तिच्या अंगातून लवकर निघत नाही. सारखी ओरडली, थरथरली, तर थांबवा आणि कळवा. मला हसू आलं होतं. एकतीस वर्षं सरकारी दवाखान्यात कंपाउंडर होतो मी. घरी येऊन गोळी खलात घोटली आणि सवयीने आठ पुड्या बांधल्या.

त्याआधी शनिवारी, पहिल्या पुडीनंतर तासाभरात भुरी उठली. तलावातली बारीक मासळी उकडून ठेवली होती, ती तिने तुझ्यासमोर, फोनवर, चाटूनपुसून खाल्ली. तू हसलीस. पुण्याला गेल्यापासून तू मला फोनवर दोन वाक्यं बोलतेस आणि आईला द्या म्हणतेस. त्या दिवशी चाळीस मिनिटं बोललीस. ऑफिस, खोली, नवी मैत्रीण, सगळं. दुसऱ्या दिवशी पुन्हा फोन केलास, भुरी जेवताना दाखवा म्हणून. तू रोज फोन करू लागलीस, म्हणून मी रोज पुडी देऊ लागलो.

तुझ्या आईच्या लक्षात आलं होतं. “कालच देल्ली ना जी तुमी? आज अखीन कायले देता?”

“कंपाउंडर मी आहो का तू?”

“तुमी माणसाचे होते. मांजरीचे कधी झाले?”

मी रेडिओ मोठा केला. दवाखान्याच्या खिडकीतून हजारो लोकांना मीच सांगितलं असेल, लवकर गुण यावा म्हणून औषध वाढवू नका.

बुधवारी भुरी घरभर फिरत राहिली. बसेना. भिंतीकडे तोंड करून ओरडायची. मी तरीही पुडी दिली, कारण आठ वाजत आले होते. गुरुवारी तिचे पाय लटपटू लागले, डोळ्यांत नुसती काळी बाहुली उरली. तेव्हा कुठे पुडी बंद केली. आज, शुक्रवारी, डॉक्टर भंडाऱ्याहून घरी आले. औषध सांगितल्याप्रमाणेच दिलं ना, असं त्यांनी विचारलं. मी हो म्हणालो. तुझी आई माझ्याकडे बघत होती. मग ते म्हणाले, किडन्यांचं विष मेंदूपर्यंत गेलेलं दिसतं, तिला आता त्रासातून सोडवावं. फोनवर तू खूप वेळ रडलीस आणि उद्या अकरा वाजता शेवटचं इंजेक्शन द्यायला संमती दिलीस. वर मला म्हणालीस, बाबा, तुम्ही खूप केलं तिचं.

तेवढं ऐकून मला बसवलं नाही. प्रतिक्षा, तू संमती दिलीस ती माझ्या खोटेपणावर. भुरीची थरथर बहुधा आजाराची नाही, माझ्या पुड्यांची आहे. उद्या दवाखाना उघडताच मी डॉक्टरांना सांगणार आहे. ते त्यांच्याकडून कळण्याआधी तुला माझ्याकडून कळावं, म्हणून लिहिलं. या कागदाचा फोटो काढून तुला पाठवतो आहे. फोनवर तुझा आवाज ऐकला असता तर मी पुन्हा काहीतरी वेगळंच सांगितलं असतं.

अजून म्हणू देशील तर, तुझाच
बाबा

ता. क. शनिवार, सकाळचे साडेदहा. डॉक्टरांना सगळं सांगितलं. कालच सांगायला हवं होतं, म्हणाले. इंजेक्शन रद्द केलं. भुरीला सलाईन लावलंय, दोन दिवस दवाखान्यातच ठेवणार आहेत. वाचेल की नाही ते आज सांगता येत नाही म्हणाले. उरलेल्या पुड्या तुझ्या आईकडे दिल्या.