चौकटीवरची तिरकी खूण

प्रिय दिनाताई,

तुझं इकडे यायचं तिकीट निघालं हे वाचून आनंद झाला आणि धास्तीही वाटली. रागावशील, म्हणून आधीच सांगतो. इथे परदेशात, पापाकुराच्या घराच्या दाराला लावायला तू दिलेला मेझुझा मी मार्चमध्ये उतरवला. ज्यूंवरच्या हल्ल्यांच्या बातम्या पाहून घाबरलो. दोनच स्क्रू काढायचे होते. पण चौकटीचा रंग इतका उडालाय, की त्या पवित्र वचनांच्या डबीखालची तिरकी गडद खूण आता रस्त्यावरूनही दिसते.

बाळासाहेबांना तर नक्कीच दिसते. शेजारचे, पुण्याचे निवृत्त इंजिनिअर. गृहस्थ फार गोड बोलतात, तेच मला खटकतं. नागावकर म्हणजे नक्की कुठले, कोळंबी का चालत नाही, शुक्रवारी लवकर पडदे का ओढता, इतक्या चौकशा कशाला? परवा चौकटीकडे बघत म्हणाले, इथे काहीतरी होतं ना? डोअरबेल होती, असं मी ठोकून दिलं. कामावर, पेनरोजच्या गोदामात, नव्या सुपरवायझरने विचारलं, रूबेन म्हणजे ख्रिश्चन का? मी मान डोलावली. खरं सांगू, इथे आजवर मला कोणी वाकडा शब्द बोललेलं नाही. तरी मी प्रत्येकाचा चेहरा वाचत बसतो.

आपले पणजोबा शनिवारी तेलाचा घाणा बंद ठेवायचे. अख्खं नागाव त्यांना शनवार तेली म्हणून हाक मारायचं आणि ते खुशाल ओ द्यायचे. आपल्या प्रार्थनेनंतरच्या गोड मलिद्याचा वाटा शेजारीपाजारी हक्काने मागून न्यायचे. त्यांचा पणतू मी, आणि बेलची थाप मारतो.

पण एवढ्यासाठी पत्र लिहिलं नसतं. आपली तामार आता नऊ वर्षांची आहे. गेल्या आठवड्यात मैत्रिणीच्या आईने गाडीत तिला सहज विचारलं, तुम्ही ज्यू का? नो, वी आर जस्ट इंडियन, असं तिने सांगितलं. घरी येऊन मोठ्या ऐटीत मला हे ऐकवलं, आणि ताई, मी तिची पाठ थोपटली. तिचा चेहरा खुलला, तेव्हा मला माझीच लाज वाटली. आता मी काही समजावलं तर तिला पटणार नाही, कारण खोटं बोलायला ती माझ्याकडूनच शिकली. तू तिची आत्या आहेस. आल्यावर माझ्यादेखत तिला सांग, तुझा बाबा घाबरला होता आणि तो चुकला. मी मध्ये एक शब्द बोलणार नाही.

तुझाच धाकटा,
रूबेन