मुतखडा म्हणून सांगितलं

११ नोव्हेंबर, मंगळ.
धाकटा संत्या सकाळपासून गप्प. जेवला नाही. गोठ्यामागं नेऊन विचारलं, तर लाजेनं मान वर करेना. 'दादा, पहाटेपासनं ताठच हाय. उतरंना. लई दुखतंय. मनात तसलं काय न्हाई.'
मी हसलो. खदाखदा. त्याच्या लग्नाला चारच महिने झालेत! 'मर्दा, नशीब काढलंस,' म्हणालो. थंड पाण्यात बस, कुणाला बोलू नको. आईला सांगितलं, मुतखडा हाय.

१२, बुध.
आईनं कुळथाचं कढण केलं. शेजारच्या काकूंनी पानफुटीची पानं आणून दिली. संत्या निमूट खातोय, माझ्या शब्दाखातर. त्याची बायको, रुपाली, म्हणाली, 'दादा, दवाखान्यात न्यायचं का?'
'खडा हाय गं, पडंल.'
गावभर झालं तर जन्माचं टोपणनाव पडेल, एवढीच माझ्या डोक्यात भीती. अब्रू म्हणे.
संध्याकाळी भिंतीला डोकं टेकून रडला, तेव्हा गाडी काढली.

१३, गुरू.
काल डॉ.नी विचारलं, कधीपासून? मी बोलायच्या आत संत्याच म्हणाला, 'आज सकाळपासून.' मला वाचवायला. मी फरशी बघत राहिलो. डॉ.नी तपासलं, म्हणाले, खरं सांगा. मग मी सांगितलं.
सुईनं साकळलेलं रक्त काढलं. पुढं पूर्वीसारखं होईल का, मूलबाळ... सांगता येत नाही. फार उशीर केलात.
केलात.

१५, शनि.
रक्ताचा कॅन्सर. पांढऱ्या पेशी इतक्या वाढल्या की रक्त दाट होऊन तिथं अडकलं. क्वचित कुणाला पहिल्यांदा असंच कळतं म्हणे. म्हणजे अंग ओरडत होतं त्याचं, आणि मी हसत होतो. लाज वाटते स्वतःची.
गोळ्या सुरू. आटोक्यात येईल म्हणतात. छातीठोक कुणी बोलत नाही.
आईसाठी अजून मुतखडाच.

१९, बुध.
रुपाली त्याचे कपडे पिशवीत भरत होती. धीर करून म्हणालो, 'पहिल्या दिवशीच न्यायला हवं होतं. मीच थांबवलं त्याला.'
हात थांबले नाहीत तिचे. 'ठाव हाय. त्यांनी तवाच सांगितलं मला. तुमी कवा बोलताय ते मी बघत हुते.' मग म्हणाली, 'त्यांना राग न्हाई तुमचा. मला हाय.'
मी हात जोडायला गेलो.
'ऱ्हाऊ द्या. आईंना काय ते खरं सांगा. त्ये मी न्हाई सांगणार.'
आई ओट्यावर लसूण सोलत बसलीय. अर्धा तास झाला. मी आत लिहीत बसलोय.