दिव्यांभोवतीची कडी

ती. दादांना,

तुमच्या बहिणीच्या नवऱ्याचा वाकून नमस्कार. इकडे सगळे ठणठणीत आहेत, असं पत्राच्या सुरुवातीला लिहावं लागतं म्हणून लिहितो. खरं-खोटं पुढे कळेलच. तुमचा गुडघा कसा आहे? वहिनी सांगतात तो व्यायाम करता, की केला म्हणून सांगता? वहिनींना माझा नमस्कार. माझ्या दुकानातून नेलेला चष्मा त्या वापरत नाहीत असं कानावर आलं, पण त्याबद्दल मी एक अक्षरही काढणार नाही. (फ्रेम सैल होत असेल तर कानामागची दांडी कोमट पाण्यात धरून जराशी वाकवावी. बस, झालं.) पत्र लिहिण्यास कारण की, कारण असं काही नाही. पुष्कळ दिवसांत बोलणं झालं नाही आणि फोन केला की तुम्ही नेमके गाडी चालवत असता, म्हणून लिहायला बसलो.

बाबा मजेत आहेत. तुम्ही विचारलं नाहीत तरी सांगतो. त्यांचं ते पिनबॉलचं यंत्रही मजेत आहे. तुम्ही भरल्या ताटावर त्याला भंगार म्हणालात आणि बाबा त्या यंत्रासकट लेकीकडे राहायला आले, त्यानंतर तुमची त्यांची भेट नाही, म्हणून थोडं सविस्तर लिहितो. यंत्र आमच्या घराच्या दारातून आत जाईना (त्याचे पाय काढले, मग आमचं दार काढलं, मग शेजाऱ्यांनी भिंतीकडे बघायला सुरुवात केली), म्हणून ते खाली माझ्या चष्म्याच्या दुकानात, फ्रेमांचं कपाट आणि डोळे तपासायचा तक्ता यांच्या मधोमध उभं आहे. जन्मभर खेळांचा हॉल चालवलेल्या माणसाने बाकीची सगळी यंत्रं विकून हे एकच का ठेवलं, हे मला आधी कळत नव्हतं. आता कळतं, असंही नाही. पण दुकान उघडल्यापासून बाबा त्याच्यासमोर उभे असतात. इकडे गिऱ्हाईक तक्त्यावरची अक्षरं वाचत असतं आणि तिकडे काचेखाली चेंडू धावतोय, घंटा वाजतेय, चेंडू परत वर उडवणारी पाती खटखटतायत आणि मधूनच बाबांचं 'अरे अरे अरे, गेला!' गिऱ्हाईक दचकून चुकीचं अक्षर वाचतं. बऱ्याच लोकांना मी गरजेपेक्षा जाड भिंगं दिली असण्याची शक्यता आहे, पण तक्रार घेऊन कोणी आलेलं नाही.

तर झालं असं, की बाबा हरायला लागले. यंत्राकडून तर हरलेच, पण एकदा चष्मा तयार व्हायची वाट बघत बसलेल्या एका बाईंनी, हातातली पर्ससुद्धा खाली न ठेवता, बाबांपेक्षा जास्त गुण मिळवले. त्या दिवशी बाबा जेवले नाहीत. चेंडू खालच्या दोन पात्यांपाशी येईस्तोवर दिसतो, मग मधेच नाहीसा होतो आणि एकदम भोकात पडल्याचा आवाजच येतो, असं त्यांचं म्हणणं. मी चष्म्याचा दुकानदार, साहजिकच म्हणालो की बाबा, डोळे तपासू. त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, की मी वर मोफत म्हणालो नाही हे बरं झालं. पण खुर्चीत बसले आणि तक्ता वरपासून खालपर्यंत घडाघडा वाचला. सगळ्यात खालची ओळसुद्धा, जी मला स्वतःला चष्म्याशिवाय मुंग्यांच्या रांगेसारखी दिसते. मी तोंडात बोट घातलं. डोळे उत्तम, म्हणजे दोष यंत्रात. बाबा म्हणाले, दिवे मंद झालेत. मी म्हणालो, बदलू.

इथून पुढे जे झालं त्याला मी जबाबदार आहे, असं तुमच्या बहिणीचं मत आहे.

त्या यंत्रात किती दिवे असतात याची तुम्हाला कल्पना आहे का? मला नव्हती. खेळायच्या फळीत जागोजाग रंगीत प्लास्टिकच्या टिकल्या बसवलेल्या आहेत, त्या प्रत्येकीखाली एक; कडेच्या भिंतींमागे ओळीने; आणि समोर उभ्या काचेवर तो जो चित्रातला दाढीवाला कप्तान आहे (ज्याच्या जहाजाला अष्टपाद मिठी मारतोय आणि जो तरीही आपल्याकडे बघून हसतोय), त्याच्या मागे तर नुसता बाजार. जुने दिवे तापणारे. त्यांच्या धगीने एक-दोन टिकल्या बुडबुड्यासारख्या फुगल्यादेखील होत्या. मी एलईडी मागवले. कमी वीज, कमी धग, लख्ख उजेड, असं पाकिटावर लिहिलं होतं आणि मी पाकिटांवर विश्वास ठेवणारा माणूस आहे.

पहिल्या फेरीत निम्मे पेटलेच नाहीत. मी सगळा माल खराब आला म्हणून विकणाऱ्याला फोनवर फैलावर घेतलं. त्याने सगळं ऐकून घेतलं आणि शांतपणे विचारलं, की न पेटलेला दिवा उलटा फिरवून लावून बघितलात का. मी फोन ठेवला. फिरवला. पेटला. (त्याला पुन्हा फोन केला नाही. काही गोष्टी दोघांनाही कळलेल्या असतात.) उरलेले दिवे मात्र फिरवूनही पेटेनात, कारण त्यांच्या खोबणी गंजल्या होत्या. फळी उचलून, तिला डोक्याचा टेकू देऊन, एकेक खोबण मी पॉलिशपेपरने घासली. मान अजून डावीकडे नीट वळत नाही. डावीकडून येणाऱ्या गिऱ्हाइकाला मी आता पूर्ण फिरून सामोरा जातो आणि त्यांना तो आदर वाटतो.

दिवे लागले तेव्हा कप्तान निळा पडला होता. मी पांढराशुभ्र उजेड निवडला होता, आणि त्या उजेडात तो हसरा माणूस बुडून बरेच दिवस झाल्यासारखा दिसायला लागला. बाबा त्याच्यासमोर बराच वेळ उभे राहिले आणि म्हणाले, "ह्याला काय झालं?" एवढंच. मी दिवे परत काढले आणि पिवळसर उजेडाचे घातले. लाल टिकलीखाली लाल, हिरवीखाली हिरवा, हेही तेव्हाच शिकलो, कारण लाल टिकलीखाली पांढरा दिवा घातला की ती औषधाच्या गोळीसारखी गुलाबी दिसते. मग नवीनच सुरू झालं. बंद असायला हवेत ते दिवे मिणमिणायला लागले. एलईडीला इतकी थोडी वीज लागते, की तारेत उरल्यासुरल्या विजेवरही तो जिवंत राहतो. बाबांना वाटे दिवा लागलाय, ते तिकडे नेम धरून चेंडू मारत आणि गुण मिळत नसत. त्यावर उपाय म्हणजे प्रत्येक खोबणीला एक बारीक रेझिस्टर जोडायचा, म्हणजे ती उरलेली वीज तो पिऊन टाकतो. हे काम चालू असताना माझ्या हातातला पेचकस दोन तारांना एकदम टेकला. फटकन आवाज झाला, डावं पातं वर गेलं ते खाली यायलाच तयार नाही, जळका वास सुटला आणि तपासणीच्या खुर्चीत बसलेले एक गृहस्थ एक डोळा झाकलेल्या अवस्थेत रस्त्यावर गेले. ते परत आले नाहीत. डोळा झाकायची माझी पट्टी त्यांच्याकडेच आहे. सुदैवाने फ्यूज उडाला होता, बाकी काही नाही.

अखेर सगळं जमलं. काय सांगू दादा, यंत्र असं झळकायला लागलं की रस्त्यावरचे लोक काचेला नाक लावून बघत. मी बाबांना हाताला धरून आणलं. त्यांनी पाहिलं, डोळे बारीक केले आणि म्हणाले, प्रत्येक दिव्याभोवती कडं दिसतंय.

मला दिसेना. मी म्हणालो, प्लास्टिकचा दोष असेल. टिकल्या पुसल्या, कडं कायम. वरची काच बदलली, कडं कायम. दुधी टोपीचे दिवे आणून घातले, तर बाबा म्हणाले आता कडं जास्त मोठं झालंय, पण मऊ आहे. मी यंत्राखाली उताणा पडून कडी शोधत होतो, हे वाक्य लिहितानासुद्धा मला माझी दया येते. तुमची बहीण जेवायला बोलवायला खाली आली, माझे पाय तिला दिसले, आणि तिने पायांना विचारलं की आता काय शोधताय. पायांनी सांगितलं. ती दुकानाच्या दारात बाबांच्या शेजारी जाऊन उभी राहिली. दिवेलागणीची वेळ, रस्त्यावर गाड्या.

"बाबा, त्या गाडीच्या दिव्याला पण कडं आहे का?"

"आहे की."

"आणि त्या खांबावरच्या?"

"त्याला तर केवढं!"

"मग तिथे पण यांनीच दिवे बसवले का?"

बाबा रस्त्याकडे पाठ करून उभे राहिले. मग म्हणाले, माझे डोळे उत्तम आहेत, तुझ्या नवऱ्यानेच तपासलेत, हवं तर पुन्हा वाचून दाखवतो. आणि तरातरा जाऊन खुर्चीत बसले, समोर बघितलं आणि तक्ता वरपासून खालपर्यंत घडाघडा वाचला. एकही अक्षर चुकलं नाही. फक्त तक्ता तिथे नव्हता. यंत्राच्या कामासाठी तक्त्यामागच्या दिव्याचा वीजजोड हवा होता म्हणून मी तो दुपारीच उतरवून ठेवला होता. भिंतीवर एक खिळा होता, त्याच्याकडे बघून बाबांनी शेवटची ओळ वाचली. दिवसभर दुकानात उभं राहून, येणारं प्रत्येक गिऱ्हाईक मोठमोठ्याने तेच वाचतंय हे ऐकून, त्यांना सगळं तोंडपाठ झालं होतं.

कोणी हसलं नाही. मला हसू येत होतं, पण तुमच्या बहिणीने बाबांचा हात हातात घेतला होता आणि बाबा खिळ्याकडेच बघत होते. "कधीपासून?" तिने विचारलं. "इकडे आलो त्याच्या आधीपासून," बाबा म्हणाले. "सांगितलं असतं तर मला खेळू दिलं नसतंत." मी त्यांना म्हणालो की बाबा, मोतीबिंदू आहे, तो काढतात, आणि मग चेंडू दिसतो. त्यावर ते म्हणाले, दिवे मात्र चांगले लावलेस हो. मला त्यांनी आजवर असं काही म्हटलं नव्हतं. मी पुन्हा यंत्राखाली गेलो, खरं म्हणजे तिथे काही काम नव्हतं.

असो. एवढीच हकिकत. तब्येतीला जपा, आणि हो, वहिनींना दांडीचं सांगा.

तुमचा,
बहिणीचा नवरा

ता. क. : डॉक्टरीणबाईंनी डोळे बघितले. ऑपरेशन साधं आहे म्हणाल्या, आधी एक डोळा, मग दुसरा. बाबा लगेच तयार झाले, पण एक अट घातली: बरोबर मुलगा हवा, जावई चालणार नाही. अट घालताना त्यांचा चेहरा असा होता, की मुलगा काही येत नाही, म्हणजे ऑपरेशन आपोआप टळलं. तेव्हा पत्र लिहिण्यास कारण हे की, या.

ता. क. दुसरा : आलात तर यंत्राबद्दल काही बोलू नका. वाईट तर नकोच, पण चांगलंही नको, त्यांना संशय येईल. सरळ खेळायला उभे राहा. डावं पातं अजून जरा जड आहे.

ता. क. तिसरा : मी तुम्हाला लिहितोय हे बाबांना ठाऊक नाही. पण आत्ता पाकीट शोधायला वर गेलो, तर पाहुण्यांची गादी त्यांनी एकट्याने ओढत नेऊन गच्चीत उन्हात टाकलेली दिसली. मी विचारलं, कोण येणार आहे? म्हणाले, कोणी नाही, गादीला वास येत होता. तिच्यावर उशा दोन ठेवल्यात. तुम्ही दोन घेऊन झोपता का?