करडी गाडी माझ्यामागे कोण चालवणार

मी, खाली सही करणारी, वय वर्षे बहात्तर, धंदा सोफ्या-खुर्च्यांना नवं कापड चढवण्याचा, राहणार स्वतःच्या दुकानावरच्या तीन खोल्यांत, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने, पूर्ण शुद्धीत आणि चष्मा लावून लिहीत आहे. माझ्यावर कोणाचाही दबाव नाही. दबाव आणून पाहिला गेला, त्याचा समाचार पुढे घेतला आहे. डोकं ठिकाणावर असल्याचा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. डॉक्टरांनी मला आजचा वार विचारला, तो मी सांगितला. मग निघताना मीच त्यांना सांगितलं की खाली उभ्या असलेल्या तुमच्या गाडीच्या मागच्या चाकात हवा कमी आहे. दाखला लगेच मिळाला.

हृदय मात्र तितकं ठिकाणावर नाही, असं त्याच डॉक्टरांचं म्हणणं आहे. म्हणून हे आजच लिहायला घेतलं.

कलम १. माझ्या एकुलत्या एक चिरंजीवाने माझ्यासाठी छापून आणलेला मृत्युपत्राचा मसुदा मी अमान्य करते. त्यावर माझी सही नाही आणि कोणी दाखवल्यास ती खोटी समजावी. मसुदा तसा नीटनेटका होता. फक्त शेवटून दुसऱ्या ओळीत ‘जुने वाहन भंगारात द्यावे’ असं लिहिलं होतं. मी त्या कागदाच्या कोऱ्या बाजूवर एका खुर्चीच्या पाठीचा नमुना काढला आणि कात्रीने कापला. खुर्ची छान झाली. गिऱ्हाईक घेऊन गेलं.

कलम २. दुकान आणि वरच्या तीन खोल्या माझ्या पश्चात चिरंजीव आणि सूनबाई या दोघांच्या नावे निम्म्या-निम्म्या व्हाव्यात. मागच्या खोलीत माझी धाकटी बहीण राहते. ती असेपर्यंत ती खोली तिची. त्या खोलीत कोणी सामान ठेवू नये, ‘तात्पुरतं’ म्हणूनसुद्धा नाही. बँकेतली शिल्लक आधी धाकटीच्या उपचारांना, मग उरेल ती चिरंजीवाला.

कलम ३. शिलाई मशीन, वाकड्या सुया, हातोड्या आणि स्पंज कापायचा मोठा सुरा, हे सगळं माझ्याबरोबर दुकानात काम करणाऱ्या बाईंना द्यावं. दुकानावरची पाटी माझ्या नवऱ्याच्या नावाची आहे. ते बाहेर गिऱ्हाइकांशी बोलायचे, आत टाके माझे असायचे. माणूस वाईट नव्हता. पण पाटी रंगवताना माझं नाव त्यांच्या ध्यानातही आलं नाही आणि मीही कधी आठवण करून दिली नाही. धंदा पुढे बाईंनी चालवावा आणि त्या जागी स्वतःच्या नावाची पाटी लावावी. नवऱ्याच्या आत्म्याला त्रास झाला तर त्यांनी मला वर भेटल्यावर सांगावं.

कलम ४. आता गाडी. करड्या रंगाची, चार दरवाजांची, माझ्या कमाईची आणि माझ्या नावावरची.

आधी नवऱ्याची एक गाडी होती. ते चालवायचे आणि मी शेजारी मांडीवर कापडाचे तागे घेऊन बसायचे. त्याच गाडीत, सिग्नलला थांबलेले असताना, ते गेले. हँडब्रेक ओढलेला होता; जातानाही माणसाने मागच्याला धक्का लागू दिला नाही. चिरंजीव शेजारी बसला होता. त्यानेच त्यांना बाहेर काढलं. महिन्याच्या आत त्याने ती गाडी मला न विचारता विकली.

मग धाकटीच्या किडन्या गेल्या. आठवड्यातून तीनदा डायलिसिस, आणि इस्पितळ शहराच्या दुसऱ्या टोकाला. भाड्याच्या गाड्या करून झाल्या. परतताना तिला मळमळतं, त्यावरून ड्रायव्हर कुरकुर करायचे. एकाने तर आम्हाला भर दुपारी पुलावर उतरवलं. मी तिला फुटपाथवर माझ्या पिशवीवर बसवलं. ती म्हणाली, “ताई, पुरे झालं. मला घरीच राहू दे. जेवढे दिवस जातील तेवढे जातील.”

तिला घरी पोचवून, चपलाही न काढता, मी तडक मोटार ट्रेनिंग स्कूलमध्ये गेले. शिकवणारा म्हणाला, “आजी, हौस म्हणून शिकताय का?”

म्हटलं, “नड आहे म्हणून. आणि मी तुमची आजी नाही.”

पहिल्या परीक्षेत नापास झाले, दुसऱ्या परीक्षेत पास. चिरंजीवाला परवाना दाखवला तेव्हा त्याने तो माझ्या हातातून घेऊन दोनदा वाचला.

“आई, या वयात गाडी घेऊन तुला जायचंय कुठं?”

“तुझ्या मावशीला घेऊन इस्पितळात.”

“नवी परवडणार नाही. जुनी घेशील तर रस्त्यात बंद पडेल.”

“मग चांगली जुनी घेईन.”

समोरच्या गॅरेजवाल्याला सगळी गल्ली घोगऱ्या म्हणते, कारण इंजिनांच्या आवाजावर ओरडून ओरडून त्याचा गळा कायमचा बसला आहे. त्याला सोबत घेऊन मी गाड्या बघायला निघाले. पहिली गाडी एका दलालाकडे होती. चकाचक, आत अत्तराचा घमघमाट. मी पायाखालचं मॅटिंग उचललं तर गोंद ताजा, सीटखालची पट्टी गंजलेली. स्पंजला नाक लावलं तर आंबूस वास. ही पाण्यात बुडालेली गाडी होती. दलाल म्हणाला, “बाई, जरा ओल लागली असेल.” मी म्हटलं, “मग वाळली की कळवा.” दुसरी गाडी घोगऱ्याने उघडायच्या आधीच नापास केली. तिच्या एका दरवाजाचा रंग बाकीच्यांहून किंचित वेगळा होता; कुठेतरी जोरात धडकून आली होती.

तिसरी नकाशे काढण्याच्या कामावरून निवृत्त झालेल्या एका गृहस्थांची. आम्ही सकाळी गेलो. घोगऱ्याने आधी बॉनेटवर तळवा ठेवला आणि मला हळूच म्हणाला, “वहिनी, इंजिन गार आहे. आपण येणार म्हणून तापवून ठेवलेली नाही. माणूस सरळ दिसतो.” गार इंजिन पहिल्या किल्लीला सुरू झालं. धूर नाही, खडखड नाही. आम्ही ती चढावर नेली, खड्ड्यांतून नेली, मोकळ्या रस्त्यावर जोरात ब्रेक लावून पाहिला. मालक म्हणाले, डोळ्यांनी दगा दिला म्हणून विकतोय. मग घोगऱ्याकडे बघून त्यांनी विचारलं, “चालवणार कोण?”

“मी,” मी म्हटलं.

ते चालकाच्या दरवाजापाशी आले, तो माझ्यासाठी उघडला आणि किल्ली माझ्या हातात दिली. “किंचित डावीकडे ओढते. चाकांचं अलाइनमेंट करून घ्या. बाकी ती तुम्हाला दगा देणार नाही.” विकताना खोट स्वतःहून सांगणारा माणूस मला आयुष्यात तो एकच भेटला.

घरी आणून मी चालकाशेजारची, धाकटीची सीट उसवली, आत जाड स्पंज घातला, वर पुसता येईल असं निळं रेक्झीन चढवलं. धाकटी बसली आणि म्हणाली, “ताई, ही तर माझ्या खाटेपेक्षा बरी आहे.” त्या दिवसापासून एकही डायलिसिस चुकलं नाही. अपवाद एक, तो पुढच्या कलमात.

कलम ५. विमा. एजंट म्हणाला, जुन्या गाडीला थर्ड पार्टी पुरे. मी पूर्ण विमा घेतला. आपल्या चुकीने दुसऱ्याचं नुकसान झालं तर ते थर्ड पार्टीतून भरून निघतं. पण दुसरा आपल्याला ठोकून पळून गेला तर आपल्या गाडीचा खर्च कोण देणार? फक्त एक गोष्ट बिनसली. पॉलिसीवर फोन नंबर मुलाचा दिला, कारण तेव्हा मला मेसेज नीट वाचता येत नव्हते.

दोन वर्षांमागे इस्पितळाच्या दारात एका टेम्पोने मागे येता येता माझ्या उभ्या गाडीचा पुढचा भाग चेपला आणि पळ काढला. मी गाडीत नव्हते, धाकटीला चाकांच्या खुर्चीत बसवत होते. रेडिएटर फुटून पाणी वाहत होतं. विमा कंपनीला फोन केला. पलीकडची मुलगी म्हणाली, “मॅडम, तुमची पॉलिसी केव्हाच संपली आहे. आम्ही आठवण करून देणारे मेसेज पाठवले होते.”

म्हणजे मी इतके दिवस विम्याशिवाय रस्त्यावर होते. कोणाला माझ्या हातून लागलं असतं तर? संध्याकाळी चिरंजीवाला समोर बसवलं.

“मेसेज आले होते?”

“आले होते.”

“मग?”

“वाटलं, विमा नसला की तू गाडी काढणार नाहीस.”

“अरे पण विमा नाही हे मला कोण सांगणार होतं?”

तो म्हणाला, “आई, मला भीती वाटते. तू किल्ली उचललीस की मला बाबांचा तो हात आठवतो. हँडब्रेकवरून मीच सोडवला होता.”

मी त्याला जवळ घेतलं. पण त्याला जे सांगितलं ते इथे लेखी नोंदवते : भीती तुझी आहे, बाळा. किल्ली माझी आहे.

गाडी घोगऱ्याकडे गेली. तोवर मावशीला मी नेईन, असं चिरंजीवाने शपथेवर सांगितलं. दोनदा नेलंही. तिसऱ्यांदा ऑफिसात अडकला आणि फोन बंद. आम्ही दारात बसून राहिलो. भाड्याची गाडी कुठे मिळेना. धाकटीचे पाय सुजले होते, श्वास लागला होता, तरी मलाच धीर देत होती, “येईल गं तो, येईल.” शेवटी सूनबाई तिच्या कामावरून धावत आली, रस्त्यात उभी राहून एका अनोळखी माणसाची गाडी अडवली आणि आम्हाला त्यात घातलं. धाकटीला दोन दिवस ठेवून घेतलं. वाचली.

नंतर सूनबाई दुकानात आली. मी सोफ्याला खिळे मारत होते. ती उभीच राहिली.

“आई, मला शिकवाल?”

“नवऱ्याला विचारलंस?”

“नाही.”

“मग शिकवते.”

आधी शिकाऊ, मग पक्का परवाना काढून तिने गोदामांमागच्या मोकळ्या मैदानात माझ्या हाताखाली सराव केला. क्लच असा सोडायची की माझी मान हलायची. आता तिच्याशेजारी चहाचा कप धरून बसलं तरी सांडत नाही. मात्र धाकटीला घेऊन एकटी अजून कधी गेलेली नाही, मला मागे बसावं लागतं. धीर होत नाही.

कलम ६. सबब, करडी गाडी मी सूनबाईला देते. एकटीला. चिरंजीवाबरोबर नाही आणि त्याच्या संमतीच्या अधीन राहून नाही. ती म्हणाली होती, “आई, नको, घरात वाद होतील.” होऊ देत. माझ्या घरात वाद झाल्याशिवाय आजवर काही चांगलं झालेलं नाही.

अटी. गाडी आणि पॉलिसी, दोन्ही तिने लगेच स्वतःच्या नावावर करून घ्याव्यात. गाडी नावावर झाली म्हणजे विमा आपोआप होतो असं समजू नये. फोन नंबर तिचाच. ऑइल वेळेवर बदलावं, काळं होईपर्यंत वाट पाहू नये. रेडिएटरमधलं कूलंट इंजिन गार असताना बघावं. टायमिंग बेल्ट घोगऱ्या म्हणेल तेव्हा बदलावा, घासाघीस करू नये; तो तुटला तर इंजिनच जातं. नवा आवाज आला तर रेडिओ मोठा करू नये, गाडी थांबवावी. ‘चालतंय तोवर चालू दे’ म्हणणाऱ्या माणसाला गाडीला हात लावू देऊ नये. धाकटी आहे तोवर तिच्या फेऱ्या आधी, बाकी सगळं नंतर. त्यानंतर सूनबाईने गाडी वाटेल तिकडे न्यावी आणि कुठे चाललीस याचं उत्तर कोणालाही देऊ नये.

कलम ७. मी स्वतः गेल्या महिन्यापासून चालवणं बंद केलं आहे. चिरंजीव म्हणाला म्हणून नाही. हृदयाचा भरवसा नसलेल्या माणसाने रस्त्यावर येऊ नये, हे मला कळतं आणि ते मी ठरवलं. ज्या दिवशी ठरवलं त्या दिवशी गाडीत नुसतीच बसून राहिले. रडले. त्याची कोणाला चौकशी करायचं कारण नाही.

कलम ८. घोगऱ्याला मी काहीही ठेवलेलं नाही. ज्याला काही मिळतं त्याला साक्षीदार होता येत नाही, असं त्याला सांगितलं तेव्हा तो म्हणाला, “वहिनी, मला सहीच करू द्या. तुमच्या पोराचं तोंड बघायचंय.”

एवढं लिहून झालं आणि खाली गाडी सुरू झाल्याचा आवाज आला. आज धाकटीचा वार आहे. खिडकीत जाऊन पाहिलं. सूनबाई स्टिअरिंगवर, धाकटी निळ्या सीटवर. चिरंजीव मागे उभा राहून दोन्ही हातांनी इशारे करत होता, येऊ दे, येऊ दे, डावीकडे, थांब, थांब! सूनबाईने त्याच्याकडे पाहिलंही नाही. आरशात बघत एका दमात गाडी बाहेर काढली, वळवली आणि निघाली. तो हात वर धरून रस्त्यात तसाच उभा. मग ओरडला, “अगं थांब, मी पण येतो!”

ती थांबली. त्याला मागे बसवलं.

वरील सर्व मजकूर मी पुन्हा वाचला, मला मान्य आहे, आणि दुकानात उतरून खालील दोघांच्या देखत त्यावर सही केली. दोघांनीही माझ्या देखत केली.

सही : (स्वहस्ते) दुकानाची मालकीण

साक्षीदार पहिला : समोरचा गॅरेजवाला, ऊर्फ घोगऱ्या. (हात पुसून सही केली, तरी कोपऱ्यात ग्रीसचा डाग पडला आहे. तो खाडाखोड समजू नये.)

साक्षीदार दुसरी : कोपऱ्यावरची औषध दुकानदार बाई

ठिकाण : दुकानातलं कापड कापायचं टेबल

दिनांक : आजचा, गुरुवार, धाकटी इस्पितळातून परत येण्याआधी