शोकाकुलांत तुमचं नाव घालू का?

आदरणीय शामुवेलकाकांस,

प्रतिक्षाचा सलाम. सांगोल्यात तुम्ही, काकू आणि डाळिंबं सुखरूप असाल अशी आशा आहे. (माणसांच्या ओळीत डाळिंबांना बसवलं म्हणून राग मानू नये, तिकडे टँकर सुरू झालेत असं पेपरात वाचलं.) फोन तुम्ही उचलत नाही, म्हणून पत्र. 'इकडे सर्व ठीक' असं लिहायची पद्धत आहे. पण शाळेत जायच्या आधी आजीनंच मला अक्षरं शिकवली आणि शाईनं खोटं लिहायचं नाही हेही तेव्हाच शिकवलं, म्हणून ते वाक्य गाळते.

कारण आजीचा दगड. डॉक्टरांनी 'आता काय हवं ते खाऊ द्या' म्हटल्यापासून तिनं खाण्याचा विषय सोडून कबरीच्या दगडाचा धरला आहे. तो तिला डोळ्यांदेखत करून हवा. ("माघारी तुमी काय बी लिवाल.") जुन्या दफनभूमीत आजोबांच्या शेजारी तिची जागा राखलेली आहे. तिथले सगळे दगड मिशनच्या काळापासूनचे, काळे, हातानं कोरलेले. चर्चचे पाळकसाहेब म्हणाले, यंत्रावरचा चकचकीत ग्रॅनाइट तिथे नको. मग मी पाटे-वरवंटे घडवणाऱ्या कल्लप्पांकडे गेले. "कुणाचा दगड?" त्यांनी विचारलं. "आजीचा," मी म्हणाले. त्यांनी छिन्नी खाली ठेवली, टोपी काढली, मला पाणी दिलं आणि स्वतःच्या आईच्या आठवणीनं रडू लागले. अशा माणसाला मध्येच थांबवून 'आजी घरी चहा पितेय' कसं सांगायचं? मी सांगितलं नाही. (हे खोटं बोलणं झालं का, यावर अजून विचार करते आहे.) परिणाम असा की दुसऱ्या दिवशी ते दुखवट्याची चहा-साखर घेऊन घरी आले, आणि खाटेवरून आवाज आला, "कोण हाय?" मी म्हणाले, दगडवाले. "मग भाईर का उभं केलंस? ये, बस की बाबा. माझाच हाय दगड." कल्लप्पा उंबऱ्यावरच बसले. आजीनं चहा-साखर ठेवून घेतली आणि अक्षरं खोल कोरायची तंबी दिली. आजोबांची पावसानं बुजत चालली आहेत.

खरी अडचण शेवटच्या ओळीची. आपल्याकडे दगडाच्या तळाशी 'शोकाकुल' लिहून नावं घालतात. ती एरवी मागे राहिलेले ठरवतात. इथे आजीच ठरवते आहे. शेजारच्या कमलम्मा म्हणाल्या, "माझं नाव घाल की. मी रडणार न्हाय व्हय?" आजी म्हणाली, "तू रडशील गं, पण लई मोठ्यानं. पाळकाचं काय ऐकू यायचं न्हाय." कमलम्मा रुसून गेल्या, संध्याकाळी शेंगाचटणी घेऊन परत आल्या, आणि आता त्यांचं नाव आहे. पण माणसाला न विचारता तो शोकाकुल आहे असं दगडावर कोरणं मला पटेना, म्हणून मी प्रत्येकाची परवानगी घेते आहे. बाबांना विचारलं, "तुम्ही शोकाकुल असाल ना?" ते उठले. अंगणात जाऊन स्कूटर धुवायला लागले. ती सकाळीच धुतली होती. त्यांचं नाव मी घातलं.

तुमचं नाव आजीनं सगळ्यांत आधी सांगितलं. पण आजोबांच्या वेळी तुम्ही पोचायच्या आत कबर बुजवली, तुमची मूठभर माती टाकायची राहिली, आणि बाबांनी वाट पाहिली नाही म्हणून तुम्ही दफनभूमीच्या फाटकातूनच परत गेलात. नंतर या घराची पायरी चढला नाहीत. अशा स्थितीत तुम्ही शोकाकुल असाल, हे मी परस्पर कसं धरू? तरी होकार किंवा नकार कळवावा, ही विनंती.

काकूंना सलाम.

तुमची,
प्रतिक्षा

ता. क. त्या दिवशी 'थांबू नका' असं बाबा म्हणाले नव्हते. आजी म्हणाली होती. कबरीत उतरवलेल्या आजोबांच्या अंगावर अजून माती नाही, हे तिला बघवेना. तुम्ही बाबांवर चिडलात आणि बाबांनी ते स्वतःवर ठेवून घेतलं. रविवारी तिनंच मला हे सांगितलं आणि म्हणाली, "लिव त्याला. मग बघू, येतो का." बाबांना या पत्राचं ठाऊक नाही.

आणखी एक. होकार-नकाराचं राहू द्या. या आठवड्यात या. दगडाला अजून बराच वेळ आहे, असं कल्लप्पा म्हणतात. आजीबद्दल डॉक्टर तसं म्हणत नाहीत.